कठड्याखालचा हात

मल्हारी पगारेच्या पोटात दुखायला लागलं ते अठ्ठ्याण्णव साली, आणि त्या दुखण्याचं नाव होतं चिमाजी बोरस्ते. मधे सव्वीस वर्षं गेली. दोघं रिटायर झाले, दोघांचे केस पिकले, दोघांना एकाच डॉक्टरनं एकच बीपीची गोळी लावून दिली. पण दुखणं काही थांबलं नाही. उलट लोणच्यासारखं मुरत गेलं.

सातपूरच्या एका कारखान्यात दोघं शेजारशेजारच्या बाकांवर पॅटर्नमेकर होते. पॅटर्नमेकर म्हणजे सुतारच, फक्त त्याचं लाकूड जगाला दिसत नाही. पंपाचा, व्हॉल्व्हचा जो भाग लोखंडात ओतायचा असेल तो आधी हा माणूस लाकडात हुबेहूब घडवतो. मग ते लाकूड वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. लोखंड ट्रकात बसून देशोदेशी जातं. लाकूड रॅकवर धूळ खात पडतं, आणि मॉडेल बदललं की थंडीच्या दिवसात वॉचमनच्या शेकोटीत जातं. मी चौतीस वर्षं शेकोटीची सोय केली, असं मल्हारी स्वतः म्हणायचा. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मात्र त्याला खपत नसे.

पॅटर्न शॉपमध्ये एक रीत होती. पॅटर्न पुरा झाला की घडवणाऱ्यानं तो उलटा करायचा आणि पोटाकडच्या बाजूला पेन्सिलीनं आपली अक्षरं आणि पॅटर्नचा नंबर घालायचा. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, पण शॉपमधल्या माणसाला कळतं की हे कुणाच्या हातचं. मल्हारी ‘म. प.’ लिहायचा आणि चिमाजी ‘चि. बो.’ लिहायचा.

अठ्ठ्याण्णव साली जपानहून तीन साहेब कारखाना बघायला आले. मल्हारी नेमका त्या दिवशी कळवणला, मेव्हणीच्या लग्नात पंगतीत वाढत होता. साहेब पॅटर्न शॉपमध्ये आले. त्यातल्या वयस्कर साहेबानं रॅकवरून एक पॅटर्न उचलला, चारशे सतरा नंबरचा, एका अवघड व्हॉल्व्हचा. त्याच्या आतल्या गोलाईवरून त्यानं अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग विचारलं, हा कुणी केला? रॅकला लागून चिमाजीचा बाक. मॅनेजरनं चिमाजीकडे बघितलं आणि चिमाजीनं मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीनं लावला. महिन्याभरात चिमाजी तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला जपानला गेला.

चारशे सतरा मल्हारीचा होता. पंधरा दिवस खपून, दोनदा गोलाई मोडून त्यानं तो घडवला होता. पण लग्नाच्या घाईत त्यानं तो रंगवला आणि खाली अक्षरं घालायची राहून गेली. आयुष्यात एकदाच ही चूक झाली, आणि ती त्या पॅटर्नवर झाली. कळवणहून परतल्यावर तो मॅनेजरकडे गेला, तर मॅनेजर म्हणाले की आता कागद पुढे गेलेत. चिमाजीला विचारलं, तर तो म्हणाला की रॅकवर दीडशे पॅटर्न, त्यातला कुठला साहेबानं उचलला ते मी कुठं बघितलं. असं म्हणताना तो रंध्याचं पातं पुसत होता. पातं स्वच्छच होतं.

मल्हारीला खात्री होती आणि पुरावा नव्हता. माणसाला आतून पोखरायला एवढं पुरतं.

चिमाजी परत आला तो एक फोटो घेऊन. निळंशार तळं, त्यावर तीन कमानींचा लांबलचक लाकडी पूल, मागे पांढऱ्या टोकाचा डोंगर, आणि पहिल्या कमानीच्या सगळ्यात उंच जागी कठड्याला रेलून चिमाजी, अंगात कंपनीचं निळं जॅकेट. डावा हात कमरेवर. उजवा हात कठड्याखाली गेलेला, दिसत नव्हता. हा फोटो मोठा करून त्यानं अशोकनगरच्या घरात सोफ्याच्या वर लावला. घरी येणाऱ्याला पाण्याच्या ग्लासाबरोबर तो पूल पाजला जायचा. खांबापासून खांब तंतोतंत सहा फूट. आणि सांधे कसे, तर आपल्या पट्टीची कड शिरणार नाही असे.

मल्हारीनं तो फोटो इतक्या वेळा बघितला की त्याला डोंगराच्या टोकावरच्या बर्फाचा आकार पाठ झाला. बघितलं की जळायचा आणि जळायला म्हणून पुन्हा बघायचा. तो हात बघ, असं तो घरी भिमाबाईला सांगायचा. चोराचा हात आहे, लपवलाय बघ कसा. भिमाबाई भाजी निवडत म्हणायची की गारठ्यानं घातला असेल.

पुंजारामच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी रिटायर मंडळी जमायची. दोघंही तिथंच येत. भांडण कधी झालं नाही, बोलणं कधी तुटलं नाही, फक्त पुलाचा विषय निघाला की मल्हारी तोंड उघडायचा. पाण्यात उभं राहिलेलं लाकूड फुगतं, आकसतं, त्याला फट पडणारच. हा सांगतो तसं असूच शकत नाही. मी गेलो ना, तर फट दाखवून देईन. मंडळी हसायची. चिमाजी मात्र हसत नसे. तो म्हणायचा, “जाशील तव्हा बघ नीट.” मल्हारीला त्यात टोमणा ऐकू यायचा.

आणि मग तेजल जपानला गेली. मल्हारीची धाकटी. दीड वर्ष जपानी भाषा शिकली, परीक्षा दिली आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायला लागली. कॉलनीतल्या विहारात तिचा सत्कार झाला तेव्हा चिमाजी हार घेऊन आला होता. मल्हारीनं तो हार बारकाईनं बघितला, फुलं शिळी आहेत का ते. ताजी होती, त्याचाही त्याला राग आला.

तीन वर्षांनी तेजलनं आईवडिलांची तिकिटं काढली. पप्पा, काय काय बघायचंय तुम्हाला, असं तिनं फोनवर विचारलं. मल्हारीनं एकच सांगितलं. चिमाजीच्या घरातल्या फोटोचा फोटो त्यानं आधीच काढून ठेवला होता. तो पाठवला. दोन दिवसांनी तेजलचा फोन आला की पूल सापडला, पण फार वर उत्तरेला आहे, आणि पप्पा, वाटेत याहून सुंदर पुष्कळ काही आहे. मल्हारीला सुंदर काही नकोच होतं. त्यानं जुन्या पेटीतून आपली फूटभर लांबीची स्टीलची पट्टी काढली, तेल लावून पुसली आणि सामानात नीट ठेवली. मी दहा दिवसांत फट घेऊन येतो, असं टपरीवर सांगून तो निघाला.

नोव्हेंबरातली सकाळ होती. तळ्यावर वारा होता. भिमाबाईनं साडीवर स्वेटर, त्यावर तेजलचा कोट आणि पायात मोजे घालून बूट, असा जामानिमा केला होता. बस वळणावर थांबली आणि पूल समोर आला.

मल्हारी उतरला आणि उभाच राहिला. फोटोत दिसायचा त्याहून तो पूल कितीतरी मोठा होता. पाण्यातून वर आलेले खांब, त्यावर तुळया, त्यावर ती तीन कमानींची चढउतार, सगळं उघडं लाकूड. रंग नाही, पत्रा नाही. माणसं त्यावरून चालत होती, कठड्यावर हात ठेवत होती, फोटो काढत होती. एक लहान मुलगी एका खांबाला मिठी मारून उभी होती. आणि मल्हारीला, इतक्या लांब चिमाजीवर जळत आलेल्या माणसाला, एकाएकी त्या पुलाचाच हेवा वाटला. तो ज्यांनी केला त्या सुतारांचा वाटला. त्यांचं लाकूड पाण्यावर राजरोस उभं होतं आणि लोक ते बघायला विमानानं येत होते. आपण केलेलं एक लाकूड आज जगात कुठं आहे, हे त्यानं आठवून बघितलं. एकही आठवलं नाही.

हा विचार फार वेळ सोसवेना. त्यानं पट्टी काढली.

पहिल्यांदा खांबापासून खांब. गुडघ्यावर बसून त्यानं पट्टी सहा वेळा ठेवत नेली, प्रत्येक ठिकाणी नखानं खूण केली. पाच फूट सव्वाअकरा इंच. पुन्हा मोजलं, तेवढंच. पाऊण इंच कमी. “तेजू, लिहून घे,” तो म्हणाला, “पाच फूट सव्वाअकरा. म्हणे तंतोतंत सहा फूट.” त्याचा चेहरा इतका फुलला की भिमाबाईनं कोटाच्या खिशातली खारी काढून त्याला दिली. खारी अर्धी खाऊन झाली तेव्हा त्याचं लक्ष पट्टीकडे गेलं आणि उरलेली खारी त्यानं भिमाबाईला परत दिली. ही पॅटर्नमेकरची पट्टी होती. लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा घडवावा लागतो, आणि रोज हिशेब नको म्हणून या पट्टीवरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा असतो. चौतीस वर्षं तीच हातात, त्यामुळे दुसरा इंच त्याला माहीतच नव्हता. त्यानं मनात हिशेब घातला. पुरते सहा फूट भरत होते. तेजलनं लिहिलेलं त्यानं खोडायला लावलं.

मग फट. त्यानं एकेक सांधा बघायला सुरुवात केली. पट्टीची कड लावायची, ढकलून बघायची, पुढे सरकायचं. लोक बाजूनं जायला लागले. एक म्हातारा जपानी थांबला आणि यांचं काही हरवलं आहे का, असं त्यानं तेजलला विचारलं. तिनं त्याला सांगितलं की वडील सुतार आहेत. म्हातारा मल्हारीकडे वळला आणि त्यानं कमरेतून वाकून नमस्कार केला. मल्हारीला फार बरं वाटलं. चिमाजीपुढेही इथं कुणी तरी असंच वाकलं असेल, हे मनात आलं आणि ते बरं वाटणंही गेलं.

अर्ध्या पुलावर पोचेपर्यंत एकही जुना सांधा त्याला सापडला नाही जिथं कड शिरेल. मधल्या कमानीपाशी मात्र थोडं लाकूड नवं होतं, दुरुस्तीचं. तिथं एका जोडावर पट्टी शिरली. पोस्टकार्ड जाईल एवढी फट. त्यानं दहा फोटो काढायला लावले. जवळून, लांबून, पट्टी घालून. फटीत कार्ड घालून.

“झालं ना मनासारखं?” भिमाबाई म्हणाली. “मग आता जरा तळं बघा.”

अजून एक काम राहिलं होतं. चिमाजीच्या फोटोसारखा हुबेहूब फोटो. पहिल्या कमानीवर परत जाऊन तेजलनं मोबाईलमधला जुना फोटो समोर धरला आणि वडिलांना डावीकडे, उजवीकडे सरकवत नेलं. डोंगराचं टोक दोन खांबांच्या बरोबर मधे आलं. डावा हात कमरेवर, पप्पा. हां. आता उजवा कठड्याखाली.

मल्हारीनं उजवा हात कठड्याखाली घातला आणि त्याच्या बोटांना काही तरी लागलं.

पॅटर्नमेकरची बोटं डोळ्यांच्या आधी बघतात. कोरलेलं होतं काही तरी, उथळ, बारीक, रेघ मारायच्या सुईनं कोरतात तसं. तेजल फोटो काढत होती, हसा म्हणत होती. त्याची बोटं त्या रेघांवरून डावीकडून उजवीकडे गेली, परत आली. मग तो मटकन खाली बसला, पाठीवर आडवा झाला, भर पुलावर, आणि कठड्याच्या खाली बघितलं. जुनं, करडं पडलेलं लाकूड. त्यावर सरळ ओळीत कोरलेलं होतं:

म. प. ४१७

चारच्या आकड्याची शेपटी लांब ओढलेली. चिमाजी चार तसाच काढायचा.

भिमाबाई घाबरून धावली, चक्कर आली का म्हणून. त्यानं तिला बोटानं दाखवलं. तिला वाकणं जमेना, तेव्हा तेजलनं मोबाईल खाली धरून फोटो काढला आणि तिला दाखवला.

मल्हारीला आधी आनंद झाला, अगदी कडकडून. चोर सापडला होता. त्यानं सव्वीस वर्षं म्हटलं ते खरं होतं. चिमाजीला माहीत होतं, रंध्याचं पातं पुसताना माहीत होतं, सोफ्यावर बसून पूल सांगताना माहीत होतं. हे एक चित्र टपरीवर सगळ्यांपुढे धरायचं, बस्स. मग त्याला संताप आला. मॅनेजरपुढे बोलायला तोंड नव्हतं आणि इथं, परक्या देशात, परक्यांच्या लाकडाखाली, कुत्रंही वाचणार नाही अशा जागी लिहून ठेवलं. काय उपयोग त्याचा? आणि मग हळूहळू तिसरं काही तरी आलं, ज्याला त्याच्याकडे नाव नव्हतं. त्या माणसानं आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, फोटो काढून घ्यायच्या आधी, मल्हारीची राहून गेलेली अक्षरं घातली होती. रीतीप्रमाणे, पोटाकडच्या बाजूला. अक्षरंही चांगली आली होती. चिमाजीच्या हाताला एवढं वळण शॉपमध्ये कधी दिसलं नव्हतं, आणि या अक्षरांच्या वळणावरसुद्धा मल्हारी तिथं पडल्यापडल्या जळला.

भिमाबाईनं त्याला हाताला धरून उठवलं, पाठीवरची धूळ झटकली. “आता कुणावर जळणार हो तुम्ही?” ती म्हणाली. तिनं ते चेष्टेनं विचारलं नव्हतं.

परतल्यावर तो चार दिवस टपरीवर गेला नाही. प्रवासाचा शीण म्हणाला. पाचव्या दिवशी संध्याकाळी गेला. सगळी मंडळी होती. चिमाजी नेहमीच्या बाकड्यावर, बशीत चहा ओतून. पुंजारामनं गॅस बारीक केला आणि म्हणाला, काका, फट सापडली का? मल्हारीच्या खिशात मोबाईल होता. त्यात फटीचे दहा फोटो होते, आणि एक त्या अक्षरांचा होता.

त्यानं अकरावा काढला नाही आणि त्या दहांतलाही काढला नाही. स्वतःचा काढला, डावा हात कमरेवर असलेला, आणि मोबाईल चिमाजीच्या हातात दिला.

चिमाजीनं चष्मा लावला. डोंगर बघितला, खांब बघितले. मग तो फोटोच्या उजव्या बाजूला थांबला आणि बराच वेळ तिथंच राहिला. बशीतल्या चहावर साय धरली.

“हात कुठं हाय तुझा?” त्यानं विचारलं.

“तुझा होता तिथंच,” मल्हारी म्हणाला.

चिमाजीनं मोबाईल बाकड्यावर पालथा ठेवला. मल्हारीला वाटलं, आता हा उठून जाईल. पण तो उठून उभा राहिला तो जाण्यासाठी नव्हे.

“सगळ्यांनी ऐका,” तो म्हणाला. “चारशे सतरा याचा व्हता. मला माहीत व्हतं. साहेबानं विचारलं तव्हा मी गप ऱ्हायलो. मला जायचं लय मनात व्हतं. त्याच्या अक्षरांवाचून तो पॅटर्न रॅकवर पडलेला, आन मी मान खाली घातली. तिकडं तीन महिने मला गोड घास गेला नाय. शेवटी त्या पुलाच्या कठड्याखाली याची अक्षरं कोरून आलो. आल्यावर सांगीन म्हटलं, तर सगळे हार घेऊन उभे.” एवढं बोलून तो बसला आणि चष्मा काढून त्यानं डोळे पुसले.

आणि मग जे झालं त्याची मल्हारीनं अजिबात कल्पना केली नव्हती. एकानं चिमाजीच्या पाठीवर हात ठेवला. दुसरा म्हणाला, एवढं कबूल करायला मोठं काळीज लागतं. तिसरा म्हणाला, नाव कोरून आला बघ, कुणी केलं असतं? पुंजारामनं गार झालेली बशी उचलली आणि स्पेशल चहा टाकला, आल्याचा, चिमाजीसाठी. सव्वीस वर्षं ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस कोपऱ्यात उभा होता आणि सगळे गुन्हेगाराला चहा पाजत होते. आजचा दिवससुद्धा त्यानंच नेला.

मल्हारीच्या पोटातला निखारा फुलला. पण या वेळी तो जुन्या जागी नव्हता. कुणी केलं असतं, हा प्रश्न त्याला लागला होता. समजा त्या दिवशी आपण रॅकजवळ असतो आणि पॅटर्न चिमाजीचा असता. गप राहिलो असतो का? राहिलो असतो, कदाचित. आणि मग त्या पुलावर, त्या गारठ्यात, हात कठड्याखाली घालून आपण ‘चि. बो.’ कोरलं असतं का? त्यानं खरंखरं उत्तर शोधलं आणि ते लगेच सापडलं. नसतं कोरलं. उलट पुलाला फट आहे म्हणून सांगत आलो असतो.

“आणि फट?” पुंजारामनं पुन्हा विचारलं. “ते राहिलंच की काका. होती का नव्हती?”

सगळ्यांनी मल्हारीकडे बघितलं. चिमाजीनंही बघितलं, ओल्या डोळ्यांनी. दहा फोटो खिशात होते. पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती.

“नव्हती,” मल्हारी म्हणाला. “हा सांगत होता तसंच आहे. खांबापासून खांब सहा फूट, आणि पट्टीची कड शिरत नाही.”

हे बोलताना त्याच्या पोटात जे दुखलं, ते सव्वीस वर्षांत कधी दुखलं नव्हतं.